‘रन’शी जमवून घ्यायचं कसं?

मराठी माध्यमातून शिकून नव्यानं नोकरीला लागलेल्या माणसाला ऑफिसात अशी मेल येऊ शकते: ‘वी आर रनिंग लो ऑन पेपर, सो डोन्ट रन ऑफ एक्स्ट्रा कॉपीज. आय विल रन द नंबर्स टुनाइट अँड रन देम बाय मॅडम. वी कान्ट लेट धिस जॉब रन ओव्हर.’

शाळेत पाठ केलेलं ‘रन म्हणजे धावणे’ इथे लावलं, तर कागद, आकडे आणि मॅडम सगळेच पळत सुटतात. मेलचं म्हणणं साधं आहे. कागद संपत आलाय, जास्तीच्या प्रती काढू नका. मी आज रात्री हिशेब मांडून बघतो आणि मॅडमच्या नजरेखालून घालतो. हे काम मुदतीपलीकडे जाता कामा नये. एका मेलमध्ये पाच वेळा ‘रन’ आला, पण धावणारं कुणीच नाही.

हा शब्द इंग्रजांनाही भारी पडलेला आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाची दुसरी आवृत्ती 1989 मध्ये निघाली, तेव्हा त्यातली सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या शब्दाची होती: सुमारे 60 हजार शब्दांची, 430 अर्थांची. पुढच्या आवृत्तीचं काम सुरू झाल्यावर हा मान ‘रन’नं पटकावला. पीटर गिलिव्हर या संपादकांनी ही नोंद नव्यानं लिहायला घेतली, तिच्यावर त्यांचे कित्येक महिने गेले, आणि नुसत्या क्रियापदाचेच अर्थ भरले 645. अर्थात हे सगळे अर्थ कुठल्याही इंग्रजाच्या तोंडी नसतात. खाणकामातले, जहाजांवरचे, जुने झालेले असे कितीतरी अर्थ त्यात आहेत. ऑफिस, घर, दवाखाना आणि वर्तमानपत्र एवढ्यापुरते अर्थ हाती आले की आपलं भागतं. तेही पाठ करायचे नाहीत, ओळखायला शिकायचं. त्याची रीत खाली देतो आहे.

आधी ‘लागणे’कडे बघा

हे कसब मराठी माणसाला नवं नाही. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, दूध तळाला लागतं, झाडाला आंबे लागतात, आलेला पाहुणा आपला कोण लागतो ते आईला विचारावं लागतं. यातलं एकही वाक्य आपण कोशात बघून शिकलेलो नाही. ‘मला गाडी लागते’ म्हटलं की पोटात ढवळतं, ‘मला गाडी लागली’ म्हटलं की घाटातला रस्ता होता की अपघात झाला ते पुढच्या वाक्यावरून कळतं, आणि ‘गाडी फलाटाला लागली’ म्हटलं की बॅग उचलायची. काय लागलं, कुणाला लागलं, मागेपुढे कुठले शब्द आहेत, हे आपण नकळत बघतो. ‘रन’ दिसला की हेच मुद्दाम, सावकाश करायचं. थोड्या दिवसांनी तेही नकळत व्हायला लागतं.

पहिली पायरी: ‘धावणे’ शेवटी ठेवा

‘रन’ ज्या जुन्या जर्मानिक (इंग्रजी आणि जर्मन या दोन्ही भाषा ज्या कुळातल्या, त्या) शब्दांतून आला, त्यांत धावणं आणि वाहणं हे दोन्ही अर्थ एकत्र होते. आजच्या जर्मन भाषेत त्यांची वाटणी झालेली दिसते, ‘रेनेन’ म्हणजे धावणे आणि ‘रिनेन’ म्हणजे वाहणे, झिरपणे. इंग्रजीनं मात्र दोन्ही एकाच शब्दात ठेवले. म्हणून नळ ‘रन’ होतो, सर्दीनं नाक ‘रन’ होतं, आणि पहिल्या धुण्यात नव्या साडीचा रंग सुटला तर ‘द कलर रॅन’ म्हणतात.

मनात चित्र ठेवायचं ते असं: काहीतरी एकदा सुरू झालंय आणि आपल्या वाटेनं, न अडता पुढे चाललंय. आता त्याला मराठी क्रियापद शोधा. माझा क्रम ठरलेला आहे. आधी ‘चालणे’ किंवा ‘चालवणे’ लावून बघायचं, ते बसलं नाही तर ‘वाहणे’, मग ‘जाणे’, आणि अगदीच काही बसत नसेल तर ‘धावणे’. ‘शी रन्स अ मेस’ म्हणजे ती खानावळ चालवते. ‘द मशीन इज रनिंग’ म्हणजे यंत्र चालू आहे. ‘द रोड रन्स अलाँग द रिव्हर’ म्हणजे रस्ता नदीकाठानं जातो. निम्म्याहून जास्त वाक्यं पहिल्या ‘चालणे’तच सुटतात, असा माझा अनुभव आहे. शाळेतल्या पुस्तकांनी ‘धावणे’च्या ऐवजी ‘चालणे’ शिकवलं असतं तर मुलांचे पुढचे हाल वाचले असते.

दुसरी पायरी: कोण ‘रन’ करतंय ते बघा

कर्ता माणूस किंवा प्राणी असेल आणि पुढे काही नसेल, तर ‘धावणे’ घ्यायला हरकत नाही. कर्ता निर्जीव असला की सावध व्हायचं. बस किंवा लोकल ‘रन’ होते म्हणजे ठरलेल्या वेळांना सुटते: ‘द लास्ट बस रन्स अ‍ॅट टेन’, शेवटची बस दहाला आहे. करार ‘रन’ होतो म्हणजे त्याची मुदत चालू असते. नाटक ‘रन’ होतं म्हणजे प्रयोग चालू राहतात. एखादी गोष्ट ‘रन्स इन द फॅमिली’ म्हणजे घराण्यातच असते. मधुमेह असो, टक्कल असो की गाता गळा. इथे ‘रक्तातच आहे’ हा आपला शब्दप्रयोग नेमका बसतो.

माणूस कर्ता असूनही धावत नाही अशी एक जागा ठाऊक असू द्या. ‘आय अ‍ॅम रनिंग लेट’ म्हणजे मला उशीर होतोय. माणूस तेव्हा रिक्षात बसून सिग्नल सुटायची वाट बघत असेल. ‘रन’नंतर थेट विशेषण आलं की त्याचा अर्थ ‘तशा अवस्थेला येणे’ असा होतो. ‘रनिंग लो’ म्हणजे संपत आलेलं, ‘रन ड्राय’ म्हणजे आटलेलं, ‘रन शॉर्ट’ म्हणजे कमी पडलेलं, आणि ‘टेम्पर्स रॅन हाय’ म्हणजे वातावरण तापलं, डोकी फिरली.

तिसरी पायरी: काय ‘रन’ केलंय ते बघा

‘रन’नंतर थेट एखादं नाम आलं तर अर्थ त्या नामात दडलेला असतो. ‘रन अ शॉप’, दुकान चालवणे. ‘रन अ टेस्ट’, चाचणी घेणे. ‘रन अ बाथ’, आंघोळीसाठी टबात पाणी सोडणे. ‘रन अ स्टोरी’, वर्तमानपत्रानं बातमी छापणे. ‘रन अ रिस्क’, धोका पत्करणे. ‘रन अ‍ॅन एरंड’, बाहेरचं एखादं बारीकसारीक काम करून येणे. ‘रन अ रेड लाइट’, सिग्नल तोडणे; ही अमेरिकी बोली, ब्रिटिश माणूस इथे ‘जम्प’ म्हणतो. डॉक्टरांकडे ‘ही इज रनिंग अ टेम्परेचर’ ऐकलंत तर त्याला ताप आहे एवढंच समजायचं.

निवडणुकीच्या बातम्यांतही असाच फरक आहे. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’ करतो, म्हणजे एकीकडे पळतो आणि दुसरीकडे उभा राहतो. मराठीत आपणही ‘उभा राहतो’ म्हणतो आणि ‘निवडणूक लढवतो’ही म्हणतो. अमेरिकी बातमीतला ‘रनिंग मेट’ हा कुणाचा सकाळी पळायला जाणारा सोबती नव्हे. अध्यक्षपदाच्या उमेदवारासोबत उपाध्यक्षपदासाठी उभा राहणारा तो जोडीदार.

चौथी पायरी: शेपूट तपासा

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथे. ‘रन’च्या मागे ‘आउट’, ‘इन्टू’, ‘ओव्हर’, ‘डाउन’ असलं बारकं शेपूट लागलं की पूर्ण अर्थच पालटतो. नवशिक्यानं आपला बराचसा वेळ याच पायरीवर घालवावा.

‘रन आउट ऑफ’पासून सुरुवात करा, कारण घरात रोज लागतं. दूध संपलं की आपण म्हणतो, ‘दूध संपलं.’ वाक्यात माणूस कुठेच नाही. इंग्रज बहुधा माणसाला पुढे करतो: ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क.’ ‘द मिल्क हॅज रन आउट’ असंही चालतं, पण पहिली मांडणी जास्त ऐकू येते. मराठीच्या वळणानं जाऊन ‘अवर मिल्क इज फिनिश्ड’ म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. समोरच्याला कळतं, अडत काहीच नाही, पण परकेपणा जाणवतो. वेळ, पैसे, पेट्रोल, धीर आणि सबबी, या सगळ्यांना हीच मांडणी लावा.

‘रन इन्टू’चे तीन अर्थ लक्षात ठेवा. माणूस पुढे असेल तर अचानक गाठ पडणे: ‘आय रॅन इन्टू माय ओल्ड टीचर अ‍ॅट दादर’. झाड, भिंत किंवा दुसरी गाडी पुढे असेल आणि कर्ता वाहन असेल तर धडकणे. रक्कम पुढे असेल तर तिथवर पोचणे: ‘द बिल रन्स इन्टू लाख्स’, बिल लाखांच्या घरात जातं. मास्तर दादरला भेटले की मास्तरांना गाडीनं ठोकलं, हे ठरतं ते कर्त्यावरून.

‘रन ओव्हर’मध्ये मात्र पुढे कर्म आहे की नाही ते बघायचं. ‘द ट्रक रॅन ओव्हर अ डॉग’, ट्रकखाली कुत्रा आला. ‘द मीटिंग रॅन ओव्हर’, मीटिंग लांबली. इथे पुढे काहीच नाही. ‘लेट अस रन ओव्हर द लिस्ट’, यादीवरून एकदा नजर फिरवू या. यादीला चिरडता येत नाही, त्यामुळे तिसरा अर्थ आपोआप उरतो.

‘रन डाउन’ हा सगळ्यात निराशेचा शब्द आहे. बॅटरी उतरली, रन डाउन. माणूस दमून गळून गेला, रन डाउन. चाळ मोडकळीला आली, रन डाउन. सासूनं सुनेला चारचौघांत नावं ठेवली, तेही रन डाउन. सगळ्यांत वरचं काहीतरी खाली आलंय, एवढं चित्र पुरतं. ‘रन अप’ याच्या उलट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ‘ही रॅन अप अ बिल’ म्हणजे त्यानं उधारी साठवत नेली, हॉटेलात असेल, क्रेडिट कार्डावर असेल. गोलंदाजाचा ‘रनअप’ वेगळा आणि ‘रनर-अप’ म्हणजे उपविजेता तिसराच.

‘रन थ्रू’ नाटकवाल्यांना ओळखीचा आहे. मराठी नाटकाच्या तालमीत ‘आज रनथ्रू आहे’ म्हटलं की नाटक मध्ये न थांबवता पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत करायचं. ऑफिसातला ‘रन थ्रू’ त्याचाच धाकटा भाऊ: सादरीकरणाची एकदा उजळणी. ‘रन इट बाय समवन’ म्हणजे करण्याआधी त्याच्या कानावर घालून मत घेणे. याचा अर्थ परवानगी घेणे असाच होतो असं नाही, पण साहेबांनी ‘रन इट बाय मी’ म्हटलं असेल तर ती परवानगीच समजा.

‘रन ऑफ’मध्ये कागद असेल तर प्रती काढणे, माणूस असेल तर पळून जाणे. ‘ही रॅन ऑफ विथ द कॅश’ म्हणजे रोकड घेऊन पसार झाला. दोन्ही शब्द जोडून ‘रनऑफ’ झाला की पावसाचं जमिनीत न मुरता वाहून जाणारं पाणी. आपल्या कृषी विद्यापीठांच्या मराठी पुस्तकांत त्याला ‘अपधाव’ म्हणतात. शेतकऱ्याच्या तोंडी मी हा शब्द कधी ऐकला नाही. तो ‘पाणी वाहून गेलं’ म्हणतो आणि तेच बरोबर आहे.

शेपूट ओळखताना एक ठेच लागते. ‘टिअर्स रॅन डाउन हर फेस’ इथे ‘डाउन’ शेपूट नाहीच. ते ‘फेस’ला जोडलेलं आहे: गालांवरून खाली. कसं ओळखायचं? मधल्या शब्दाचा साधा दिशेचा अर्थ घेऊन वाक्य नीट लागलं तर शेपूट नाही. नाही लागलं तर दोन्ही शब्द मिळून एक क्रियापद समजायचं आणि कोशात तसंच शोधायचं.

पाचवी पायरी: ‘रन’ नाम म्हणूनही येतो

‘अ’, ‘द’ किंवा एखादं विशेषण आधी असेल तर ते नाम. क्रिकेटमधला ‘रन’ सगळ्यांना येतो. मराठी वर्तमानपत्रांनी त्याचा ‘धाव’ केला आणि मग धावसंख्या, धावफलक, धावचीत असा संसारच थाटला. तिथेही धावणं सक्तीचं नाही बरं का. चेंडू सीमापार गेला की फलंदाज जागेवर उभे राहूनही चार धावा मिळतात.

‘ड्राय रन’ किंवा ‘ट्रायल रन’ म्हणजे रंगीत तालीम. ‘इन द लाँग रन’ म्हणजे पुढचा विचार करता. ‘अ रन ऑन द बँक’ म्हणजे बँक बुडणार या भीतीनं ठेवीदारांनी पैसे काढायला केलेली झुंबड. ‘ऑन द रन’ म्हणजे फरार. ‘द रन्स’ असं अनेकवचनी, आधी ‘द’ लावून कुणी म्हणालं आणि तो खेळाविषयी बोलत नसेल, तर त्याला जुलाब होताहेत. हा शब्द मित्रांत चालतो, मेलमध्ये लिहू नका.

‘रनिंग’ तर मराठी माणूस इंग्रजी न येताही वापरतो. सुतार ओट्याखालच्या कपाटाचा भाव ‘रनिंग फुटा’वर सांगतो, म्हणजे उंची-रुंदी न गुणता नुसत्या लांबीवर. ठेकेदार काम पुरं व्हायच्या आधी ‘रनिंग बिल’ लावतो. रेल्वेत गाडीचे चालक आणि गार्ड हे ‘रनिंग स्टाफ’, आणि घरापासून दूरच्या स्टेशनात त्यांची पाठ टेकायची सोय म्हणजे ‘रनिंग रूम’. या सगळ्यांत ‘चालू’ हाच अर्थ आहे. ज्यांना हे शब्द कामामुळे येतात त्यांनी तिथूनच सुरुवात करावी, पुस्तकी उदाहरणांच्या नादी लागू नये. दिवसांच्या आकड्यानंतर ‘रनिंग’ आला तर ‘सलग’: ‘थ्री डेज रनिंग’, सलग तीन दिवस.

कोश आणि वही

ऑक्सफर्डचा तो मोठा कोश आपल्यासाठी नाही. त्यात अर्थ इतिहासाच्या क्रमानं लावलेले असतात, त्यामुळे मेलेले अर्थही वाटेत भेटतात. परभाषकांसाठी केलेले लर्नर्स डिक्शनरी प्रकारातले कोश घ्या. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन तिघांचेही असे कोश इंटरनेटवर फुकट आहेत. केंब्रिज आणि लाँगमन मोठ्या नोंदीत प्रत्येक अर्थाच्या डोक्यावर एकदोन शब्दांची पाटी लावतात. आधी सगळ्या पाट्या वाचायच्या, आपल्या वाक्याशी जुळणारी निवडायची, आणि मग तिच्याखालची उदाहरणं वाचायची. व्याख्या सगळ्यात शेवटी. शेपूटवाली क्रियापदं बहुधा नोंदीच्या तळाशी किंवा वेगळ्या पानावर असतात. ती मुख्य नोंदीत सापडली नाहीत म्हणून सोडून देऊ नका.

वहीत ‘रन = चालवणे’ असं कधीही लिहू नका. जिथे भेटला ते पूर्ण वाक्य डावीकडे, आणि तुम्ही घरी जसं बोलाल तसं मराठी वाक्य उजवीकडे. उजव्या बाजूला ‘धाव’ लिहावंसं वाटलं तर पेन थांबवून पुन्हा विचार करायचा. आणि रूपं एकदा घोटून टाका: रन, रॅन, रन. तिसरं रूप पहिल्यासारखंच आहे, म्हणून ‘हॅज रॅन’ चूक आणि ‘हॅज रन’ बरोबर. इंग्रज मंडळीसुद्धा बोलताना इथे घसरतात, पण मुलाखतीत त्यांचं उदाहरण देता येत नाही.

उलट दिशेनं जाताना जपून

‘रन’ला ‘चालणे’ लावा असं मी वर म्हटलं, त्याचा उलट अर्थ काढू नका. मराठीतलं प्रत्येक ‘चालणे’ इंग्रजीत ‘रन’ होत नाही. ‘चालेल’ म्हणजे ‘दॅट्स फाइन’. ‘मी गाडी चालवतो’ म्हणजे ‘आय ड्राइव्ह’. ‘आय रन अ कार’ म्हटलं तर गाडी बाळगून तिचा खर्च सोसतो असा अर्थ होतो. ‘घड्याळ चालत नाही’ इथे ‘इजन्ट वर्किंग’ म्हणायचं. ‘सिनेमा चांगला चालला’ याला ‘डिड वेल’, पण 25 आठवडे चालून रौप्यमहोत्सव झाला तर ‘रॅन फॉर ट्वेंटी-फाइव्ह वीक्स’. कालावधी सांगितला की ‘रन’ चालतो.

हात साफ करायला

खालची वाक्यं आधी स्वतः सोडवा, उत्तरं लगेच पुढे आहेत.

‘समवन लेफ्ट द टॅप रनिंग.’ ‘द लीज हॅज टू इयर्स टु रन.’ ‘अ शिव्हर रॅन डाउन माय स्पाइन.’ ‘आर वी रनिंग अ डिस्काउंट धिस दिवाळी?’ ‘शी गेव्ह द चॅम्पियन अ रन फॉर हर मनी.’

पहिलं: कुणीतरी नळ चालूच ठेवला. दुसरं: भाडेपट्ट्याची अजून दोन वर्षं शिल्लक आहेत. तिसरं: पाठीतून शिरशिरी गेली, ‘डाउन’ इथे शेपूट नाही. चौथं: या दिवाळीला आपण सूट ठेवतोय का? पाचवं कुठल्याच पायरीनं सुटत नाही. ‘अ रन फॉर हर मनी’ हा पूर्ण वाक्प्रचार आहे: विजेतीला तिनं सहज जिंकू दिलं नाही, तोडीस तोड झुंज दिली. असली वाक्यं वहीच्या शेवटच्या पानावर वेगळी लिहायची आणि जशीच्या तशी पाठ करायची.